करणीचे सोपे रूप : भास्कराचार्यांच्या बीजगणितातील एका प्रकरणाविषयी

मराठी बोलीत ‘करणी’ हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. एक, माणसाच्या कृतीला उद्देशून. जशी करणी तशी भरणी असे आपण म्हणतो तेव्हा. दुसरा, कोणी कोणावर जादूटोणा केल्याचा संशय असतो तेव्हा. तिसरे ठिकाण शाळेतील गणिताच्या पुस्तकात आहे, आणि तेथे या शब्दाशी ज्यांची गाठ पडली त्यांपैकी पुष्कळांना दुसराच अर्थ अधिक जवळचा वाटला असेल. ज्या संख्येचे वर्गमूळ (अथवा घनमूळ वगैरे) परिमेय संख्येत निघत नाही, त्या मुळाला शालेय मराठीत करणी म्हणतात. √२ ही करणी. √९ ही नव्हे, कारण तिचे मूळ ३ असे स्वच्छ निघते.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी असलेल्या या पृष्ठांत हा विषय का, याचे कारण एका वहीत आहे. चेन्नईच्या पश्चिमेस, बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, श्रीपेरुंबुदूर या रामानुजाचार्यांच्या जन्मग्रामाच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै हे गाव आहे. आज ते गाव म्हणून क्वचितच ओळखले जाते. तेथील औद्योगिक वसाहतीत १९९८ पासून मोटारी तयार होत आहेत, आणि कारखान्यांच्या पाठोपाठ निरनिराळ्या भाषा बोलणारी कुटुंबे तेथे येऊन राहिली आहेत. त्यांतील एका मराठी कुटुंबाकडे माझे जाणे-येणे आहे. त्या घरातील नववीत शिकणाऱ्या मुलीने एका संध्याकाळी आपली वही माझ्यापुढे ठेवली. प्रश्न होता : √२ + √८ = किती? तिने √१८ असे उत्तर लिहिले होते आणि त्यावर लाल शाईची फुली होती. पुस्तकाच्या शेवटी दिलेले उत्तर ३√२ असे होते. “काका, दोन्ही एकच आहेत ना? मग माझे चूक कसे?” असा तिचा प्रश्न होता.

दोन्ही एकच आहेत हे खरेच. १८ म्हणजे ९ गुणिले २; ९ चे मूळ ३; म्हणून √१८ = ३√२. परंतु मला कुतूहल वाटले ते तिच्या रीतीचे. शाळेत शिकवतात ती रीत अशी : ८ मध्ये ४ हा पूर्ण वर्ग दडलेला आहे, तो बाहेर काढला की √८ चे २√२ होतात; आता √२ आणि २√२ सजातीय झाले, म्हणून बेरीज ३√२. मुलीने हे केलेच नव्हते. तिने संपूर्ण बेरजेचा वर्ग केला होता. पहिल्याचा वर्ग २, दुसऱ्याचा ८, दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे २√१६, अर्थात ८, एकूण १८. ज्याचा वर्ग १८ ते √१८. येथे ती थांबली.

सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यही नेमके येथेच थांबले होते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ. स. १११४ चा, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला, ज्याचा ‘बीजगणित’ हा एक भाग आहे. आपले गाव सह्याद्रीच्या सान्निध्यात असल्याचे ते स्वतः सांगतात. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्याविषयी लिहिले. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिल्याची आणि निकुंभ वंशातील सोन्हदेवाने त्याला दान दिल्याची हकीकत त्यात आहे. मराठी भाषेच्या अभ्यासकाला या लेखाची ओळख निराळ्या कारणाने असते : त्याचा बराचसा भाग संस्कृतात असला, तरी शेवटी दानाचा व्यावहारिक तपशील येतो तेव्हा तो तत्कालीन मराठीत येतो. वंशस्तुती संस्कृतात आणि मापे-मोजमापे लोकभाषेत, ही वाटणी पुष्कळ काही सांगून जाते. पण तो विषय निराळा.

‘बीजगणिता’त ‘करणीषड्विध’ नावाचे एक प्रकरण आहे. षड्विध म्हणजे सहा क्रिया : बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ. करण्यांच्या बेरजेचा नियम देताना ग्रंथकार दोन पारिभाषिक नावे योजतो. दोन करणीसंख्यांच्या बेरजेला ‘महती’ म्हणावे. त्यांच्या गुणाकाराच्या मुळाची दुप्पट ती ‘लघु’. महतीत लघु मिळवली की योगाची करणी, वजा केली की अंतराची. पुढे जी उदाहरणे येतात त्यांतील पहिलेच २ आणि ८ यांचे आहे. महती १०, लघु ८. योग क १८, अंतर क २. ‘क’ हे करणीचे आद्याक्षर. आज आपण √ चिन्ह लिहितो तेथे हस्तलिखितांत हे अक्षर येते. (√ चिन्ह बरेच उशिराचे, १५२५ मध्ये रुडॉल्फ या जर्मन गणित्याच्या ग्रंथात ते प्रथम छापलेले आढळते.) इरुंगाट्टुकोट्टैच्या वहीतील उत्तर आणि सह्याद्रीच्या कुशीतले उत्तर यांत अक्षराचाही फरक नाही.

दुसरे उदाहरण ३ आणि २७ यांचे : महती ३०, गुणाकार ८१, त्याचे मूळ ९, लघु १८; योग क ४८, अंतर क १२. तिसरे उदाहरण मुद्दाम फसणारे आहे. ३ आणि ७ यांचा गुणाकार २१. त्याला मूळ नाही. लघु निघत नाही, म्हणून बेरीजही एका करणीत बसत नाही. अशा वेळी त्या दोघींना शेजारी शेजारी, वेगवेगळ्या ठेवाव्यात असे आचार्य सांगतात. √३ + √७ बरोबर √१० लिहिण्याचा मोह शाळेतील प्रत्येक पिढीला होतो. ‘महती’ ही संज्ञा जणू त्या मोहाची दखल घेऊनच केली आहे. नुसती बेरीज म्हणजे महती, ती उत्तराचा एक भाग आहे, उत्तर नव्हे.

आता प्रश्न असा की √१८ ला अपुरे आणि ३√२ ला पुरे ठरविणारा ‘सोपे रूप’ हा निकष कोठून आला? भास्करांच्या लेखनपद्धतीत करणीच्या बाहेर गुणक लिहिण्याची सोयच नाही. ‘रू’ म्हणजे रूप, साधी संख्या. ‘क’ म्हणजे करणी. ‘तीन वेळा मूळ दोन’ असे लिहायचे झाल्यास तिनाचा वर्ग करून त्याला करणीच्या घरात न्यावे लागते आणि मग ते क १८ होते. वर्गाला वर्गानेच गुणावे व भागावे, हा त्यांचा नियम याच व्यवस्थेचा भाग आहे. आपण जे शक्य ते सर्व मुळाबाहेर काढतो. ते जे शक्य ते सर्व मुळाच्या आत घेतात. शालेय परिभाषेत सांगायचे तर आपला ओढा मिश्र करणीकडे आहे, त्यांचा शुद्ध करणीकडे.

आणि शुद्ध करणी हे रूप गबाळे आहे असे मुळीच नाही. दोन एकेरी करण्या समान आहेत की नाहीत हे ठरवायचे तर आतल्या संख्या पाहिल्या की झाले. लहानमोठेपणाही तसाच ठरतो : ३√२ मोठे की २√४, असे विचारले तर क्षणभर थांबावे लागते, क १८ आणि क १६ यांच्याबाबत थांबावे लागत नाही. मिश्र रूपाची सोय निराळी आहे. √१८ आणि √५० यांच्याकडे नुसते पाहून त्यांचे नाते कळत नाही. ३√२ आणि ५√२ म्हटले की गोत्र उघड होते. म्हणजे शुद्ध रूप तुलनेला सोयीचे आणि मिश्र रूप पुढच्या बेरजेला. ‘सोपे’ हा गुण संख्येचा नसून तिच्याशी पुढे काय करायचे आहे याचा आहे. शिक्षकांनी फुली मारली ती कारणाशिवाय नव्हे. वर्गातील चाळीस वह्यांतील उत्तरे एका रूपात असावीत, आणि पुढच्या धड्यात सजातीय करण्या चटकन ओळखता याव्यात, ही अपेक्षा रास्त आहे. खटकते ते इतकेच की हे कारण मुलांना सांगितले जात नाही. संकेत हा सत्य म्हणून पुढे येतो आणि खरे उत्तर खोटे ठरते.

यावर कोणी म्हणेल की भास्कराचार्यांना पूर्ण वर्ग बाहेर काढण्याची युक्ती माहीत नसावी. तसे नाही, आणि या प्रकरणातील मला सर्वांत मौजेचा वाटणारा भाग येथेच आहे. बेरजेचा दुसरा नियम ते देतात तो असा : मोठ्या करणीला लहानीने भागावे, भागाकाराचे मूळ घ्यावे, त्यात एक मिळवावा (वा वजा करावा), त्याचा वर्ग करावा आणि लहानीने गुणावे. ८ भागिले २ म्हणजे ४, मूळ २, एक मिळवून ३, वर्ग ९, दुणे १८. हे √२ सामाईक काढणेच आहे, दुसरे काही नाही. परंतु त्याहून स्पष्टपणे ही युक्ती ‘विश्लेषसूत्रा’त येते. तेथे प्रश्न उलटा आहे : एकत्र झालेली करणी पुन्हा फोडायची कशी? क २७ घ्या. तिला कोणत्या तरी वर्गाने असे भागा की शेष उरणार नाही : २७ भागिले ९ म्हणजे ३. नवाचे मूळ ३. त्या तिनाचे हवे तसे तुकडे करा, समजा १ आणि २. त्यांचे वर्ग १ आणि ४. प्रत्येकाला ३ ने गुणा : क ३, क १२. आमच्या पाठ्यपुस्तकात जी पायरी सोपे रूप देण्यासाठी येते, ती येथे जोडलेले विलग करण्यासाठी आली आहे. हत्यार तेच; फक्त काम निराळे.

विश्लेषसूत्राची गरज का पडते, हे भागाकाराच्या उदाहरणावरून ध्यानात येते. आधी गुणाकार पाहू. एका पक्षी क ३, क १२ आणि ऋण रूप ५. दुसऱ्या पक्षी क ३ आणि रूप ५. पहिल्या पक्षातील दोन करण्या मिळून क २७. आता गुणाकार : √२७ ला √३ ने गुणून ८१ चे मूळ ९, ऋण ५ ला ५ ने गुणून ऋण २५, दोन्ही मिळून रूप ऋण १६. उरलेल्या दोन करण्या ६७५ आणि ऋण ७५. महती ७५०, लघु ४५०, अंतर क ३००. एकूण उत्तर रू ऋण १६, क ३००. याच उत्तराला पुन्हा क ३ रू ५ ने भागायचे झाल्यास? छेदातील एका करणीचे चिन्ह पालटावे आणि त्या नव्या राशीने भाज्य व भाजक दोहोंनाही गुणावे, छेदात एकच पद उरेपर्यंत हे पुनःपुन्हा करावे, असा नियम आहे. आमच्या नववीच्या पुस्तकात ‘छेदाचे परिमेयीकरण’ आणि ‘अनुबद्ध जोडी’ या नावांनी हीच गोष्ट येते. √३ + ५ चे √३ − ५ केले की छेद ३ − २५, म्हणजे ऋण २२. अंशात ११० − ६६√३. भागून उत्तर ऋण ५ आणि ३√३, अर्थात क २७. पण मूळ गुणकात तर क ३ आणि क १२ अशा दोन करण्या होत्या. त्या परत मिळवायच्या तर क २७ फोडायलाच हवी. केलेले गणित उलट्या पावलांनी घरी आणण्याचा हा आग्रह टीकाकारांच्या पुढील परंपरेतही टिकून आहे.

या उदाहरणात अनुवादकाला घेरणारा एक खड्डा आहे. ऋण ५ हे रूप करणीच्या घरात न्यायचे तर त्याचा वर्ग करावा लागतो, आणि ऋणाचा वर्ग धन असतो हे भास्करांनीच अन्यत्र सांगितले आहे. मग ऋणत्व हरवणार. म्हणून ते अपवाद करतात : करणी करण्याच्या हेतूने ऋण रूपाचा वर्ग केला तर तोही ऋणच समजावा. हस्तलिखितात संख्येच्या माथ्यावर बिंदू देऊन ते दाखवितात. आता माथ्यावर बिंदू असलेली क २५ आजच्या चिन्हांत कशी लिहाल? अक्षरशः उतरविल्यास मुळाच्या आत ऋण पंचवीस येतील आणि वाचकाला वाटेल की येथे काल्पनिक संख्या आली. वस्तुतः ऋण संख्येला मूळ नाही असे सांगणारे भास्कराचार्यच आहेत. येथील ऋणचिन्ह मुळाच्या बाहेरचे आहे. लिहिण्याच्या सोयीपुरते ते आत बसले आहे. पदाला पद ठेवून केलेला अनुवाद मूळाशी अप्रामाणिक ठरतो, याचे इतके नेमके उदाहरण काव्यानुवादाच्या चर्चेतही मला क्वचितच आढळले.

अनुवादाचा विषय निघालाच आहे तर संज्ञेकडे वळू. ‘बीजगणिता’चा फारसी अनुवाद शाहजहानच्या कारकिर्दीत झाला; इंग्रजी अनुवाद कोलब्रुकने १८१७ मध्ये लंडनला प्रसिद्ध केला. कोलब्रुकने करणीसाठी जो इंग्रजी शब्द घेतला तो ‘सर्ड’. त्या शब्दाची कुळकथा अशी आहे. ग्रीकांनी अपरिमेय राशीला ‘आलोगोस’ म्हटले. लोगोस म्हणजे वाणी, विचार, गुणोत्तरही. ते जिला नाही ती. अरबी गणित्यांनी तिला ‘असम्म’ म्हटले, म्हणजे बहिरी. बाराव्या शतकात अरबीतून लॅटिनमध्ये ग्रंथ आणणाऱ्या क्रेमोनाच्या जेरार्डने ‘सुर्दुस’ हा शब्द ठेवला, तोही बहिऱ्याचाच वाचक. आणि त्यापासून इंग्रजी ‘सर्ड’. जेरार्ड आणि भास्कराचार्य हे समकालीन होते हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे. ग्रीकांकडून निघालेली राशी मुकी होती. बगदादमार्गे युरोपात पोचेतो ती बहिरी झाली.

‘करणी’चे कूळ याहून निराळे. शुल्बसूत्रांत ती दोरी आहे. वेदीच्या रचनेत दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्राचा चौरस जी दोरी ‘करते’ ती द्विकरणी, तिप्पट करते ती त्रिकरणी. आजच्या भाषेत √२ आणि √३. बौधायनाने द्विकरणीचे जे आसन्न मान दिले आहे ते अपूर्णांकात ५७७ भागिले ४०८ इतके होते, आणि दशांशाच्या पाचव्या स्थळापर्यंत ते बिनचूक आहे. दोरी स्त्रीलिंगी, म्हणून करणी स्त्रीलिंगी. मराठीतही ती तशीच राहिली. या नावात उणीव नाही. जिला वाणी नाही, जिला ऐकू येत नाही, असे तिचे वर्णन नाही. ती चौरस उभा करणारी आहे. पुढे बीजगणितात दोरी गळून पडली आणि आतली संख्याच करणी म्हणवू लागली. तेव्हा टीकाकारांना एक खुलासा करावा लागला : जिला पूर्ण मूळ नाही ती प्रत्येक संख्या करणी नव्हे, तसे असते तर २, ३, ५ यांना नेहमीच करणी म्हणावे लागले असते. जिच्या मुळाशी आपल्याला काम आहे, ती त्या कामापुरती करणी. संज्ञा वस्तूला नसून तिच्याकडे पाहण्याच्या दृष्टीला दिलेली आहे, हे भान या खुलाशात आहे.

तुलना करताना एक सावधगिरी मात्र हवी. नावावरून एका संस्कृतीला अपरिमेयाची भीती वाटली आणि दुसरीला नाही, असे निष्कर्ष काढण्याचा मोह आपल्या क्षेत्रात फार आहे. ग्रीकांनी त्या ‘मुक्या’ राशींवर युक्लिडचा दहावा ग्रंथ लिहिला. √२ अपरिमेय का, हे सिद्ध करण्याची ओढ तिकडे होती, ‘करणीषड्विधा’त तसा प्रश्नच विचारलेला नाही. नाव प्रसन्न असले म्हणून चौकशी खोल असतेच असे नाही. चेन्नईतील तमिळ मुले ‘वर्क्कमूलम्’ म्हणतात. वर्ग आणि मूळ हे दोन्ही शब्द तेथेही आपल्याच ओळखीचे.

षड्विधातील शेवटची क्रिया, करण्यांचेच वर्गमूळ, ही सर्वांत कठीण आणि माझ्या मते सर्वांत सुंदर. क २, क ३, क ५ यांच्या बेरजेचा वर्ग रू १०, क २४, क ४०, क ६० असा होतो. आता नुसता हा वर्ग हाती दिला तर मूळ कसे शोधावे? रूपांचा वर्ग १००. त्यातून दोन करण्यांच्या संख्या, २४ आणि ४०, वजा करा : ३६. मूळ ६. ते दहात मिळवून व वजा करून निम्मे करा : ८ आणि २. दोन ही एक करणी मिळाली. आठ हे आता नवे रूप. त्याचा वर्ग ६४, त्यातून ६० वजा, उरले ४, मूळ २. आठात मिळवून व वजा करून निम्मे केले की ५ आणि ३. हा मार्ग ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच दाखविला होता. भास्करांची भर ही की कोणत्या वेळी किती करण्या वजा करायच्या याचे नियम त्यांनी बांधले. तीन करण्यांच्या वर्गात तीन करण्या येतात, चारांच्या वर्गात सहा. ही संख्या जुळत नसेल तर मूळ आले असे वाटले तरी ते फसवे असते.

मुळात मूळ, त्यात आणखी मूळ, या विचाराचा दुसरा टोकाचा विलास याच चेन्नईत झाला. १९११ मध्ये श्रीनिवास रामानुजन यांनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रश्न घातला. (या सोसायटीचे ग्रंथालय पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात होते.) प्रश्नाची कळ अशी : ३ म्हणजे √९, ९ म्हणजे १ अधिक २ गुणिले ४, तो ४ म्हणजे √१६, १६ म्हणजे १ अधिक ३ गुणिले ५, तो ५ म्हणजे √२५, असेच पुढे, अंत नाही. साध्या तिनाला त्यांनी अनंत मुळांच्या उतरंडीत लपविले आणि वाचकांना सोपे रूप विचारले. सोपे रूप काढण्याची क्रिया उलट चालवली की काय होते ते येथे दिसते.

वहीकडे परत येतो. फुली मी खोडली नाही. तिच्या शेजारी, √१८ च्या खाली, ३√२ लिहिले आणि दोन्ही रूपे कधी उपयोगी पडतात ते सांगितले. महती आणि लघु ही नावे तिला आवडली. मग तिला √७२ − √५० हे उदाहरण घातले. तिने आपल्याच रीतीने केले : महती १२२; गुणाकार ३६००, मूळ ६०, लघु १२०; अंतर २, म्हणून √२. तिच्या धाकट्या भावाने शेजारी बसून शाळेच्या रीतीने केले : ६√२ वजा ५√२, म्हणून √२. दोनामध्ये बाहेर काढण्यासारखा वर्ग नाही, आत घेण्यासारखा गुणक नाही. दोघांनी एकमेकांच्या वह्या पाहिल्या आणि पुढचे उदाहरण मागितले.